बिटलॉकर लावलेल्या बॅकअपमधून फोटो परत मिळवता येतील का?

लॅपटॉप बंद पडला, फोटोंचा बॅकअप असलेली एक्स्टर्नल डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधली डिस्क लॉक करायची सोय) लॉक आहे आणि पासवर्ड आठवत नाही, असं तुम्ही विचारलंय. फोटो परत मिळू शकतात, पण लॉक तोडून नाही, रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर वापरायचा लांबलचक आकडा, शोधून. की नसताना उघडून देतो म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. आणि कोणत्याही कॉम्प्युटरने डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारलं, तर नाहीच म्हणा.

डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला जोडा; त्यावर विंडोजची साधी ‘होम’ आवृत्ती असली तरी चालतं. पासवर्डच्या चौकटीत ‘मोअर ऑप्शन्स’मधून रिकव्हरी कीचा पर्याय निवडल्यावर की आयडीची, म्हणजे ती की ओळखायच्या खुणेची, ८ अक्षरं दिसतात. ती टिपून घ्या, एका खात्यात अनेक की साठलेल्या असू शकतात. मग मायक्रोसॉफ्ट खात्यातलं रिकव्हरी कीचं पान बघा. लॅपटॉप दुसऱ्या कुणी सुरू करून दिला असेल तर त्यांचंही खातं बघायला सांगा. लॉक लावताना काढलेली प्रिंट, पेनड्राइव्हवरची टेक्स्ट फाइल, ऑफिसचं खातं असेल तर तिथला आयटी विभाग, काहीच सोडू नका. जुन्या लॅपटॉपची फक्त स्क्रीन गेली असेल तर त्याला मॉनिटर जोडाच! ऑटो-अनलॉक चालू असेल तर तिथे डिस्क आपोआप उघडते आणि कंट्रोल पॅनलमधल्या बिटलॉकरच्या पानावरून की नव्याने सेव्ह करता येते.

की ४८ अंकी असते, ६ अंकांचे ८ गट. प्रिंटवरचा एखादा अंक पुसट झाला असेल तरी घाबरू नका. प्रत्येक गटाला ११ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे गटातला एकच अंक वाचता येत नसेल तर तिथे बसणारा अंकही एकच निघतो.

डिस्क उघडली की आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. ‘फाइल हिस्टरी’ नावाचं फोल्डर असेल तर फोटो थेट दिसतील, फक्त नावापुढे तारीख असेल. ‘विंडोज इमेज बॅकअप’ असेल तर पूर्ण सिस्टिम रिस्टोअर करायची गरज नाही. आतली व्हीएचडीएक्स फाइल (अख्ख्या डिस्कची नक्कल असलेली फाइल) विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ‘रीड-ओन्ली’, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, जोडा आणि युजर्स फोल्डरमधून हवं ते उचला.

की बरोबर असूनही डिस्क उघडत नसेल तर ती खराब झालेली असू शकते. विंडोजमधलं रिपेअर-बीडीई हे टूल त्यासाठीच आहे. त्याला तेवढीच किंवा मोठी रिकामी डिस्क लागते, तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. तिथवर वेळ आली तर स्क्रीनवरचा नेमका मेसेज इथे लिहा.