मोटरहोममध्ये पॉवर स्टिअरिंगचं तेल कुठे शोधायचं आणि कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत जुनं मोटरहोम घेतलं, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घूंऽऽ असा आवाज येतो, आणि गाडीबरोबर मिळालेल्या जाडजूड पुस्तकात फ्रिजपासून संडासाच्या टाकीपर्यंत सगळं आहे, पण स्टिअरिंगच्या तेलाचं नाव नाही. त्या पुस्तकात ते नसणारच. गाडीच्या अंगावर जिचं नाव रंगवलेलं असतं, त्या कंपनीने फक्त वरचं घर बांधलेलं असतं. खालची चासी, म्हणजे इंजिन, स्टिअरिंग, ब्रेक, हे बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीचं असतं. तुम्हाला हवंय ते चासीचं मॅन्युअल. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा सीटजवळ चासीचं स्टिकर असतं. त्यावरचं नाव आणि वर्ष घेऊन नेटवर शोधलं की मॅन्युअल सहसा मिळतं.

ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली क्लास सी गाडी असेल, तर खाली बहुतेक फोर्डची ई-350 किंवा ई-450 निघेल. हिचं बॉनेट व्हॅनसारखंच उघडतं आणि तेलाची प्लास्टिकची बाटली इंजिनच्या पुढच्या भागात असते. झाकणावर स्टिअरिंग व्हीलचं चित्र शोधा. बससारखं सपाट तोंड असलेली क्लास ए, पेट्रोलवर चालणारी, म्हणजे बरेचदा फोर्डची एफ-53. तिच्या विंडशील्डखाली छोटंसं दार असतं, त्यातून हात घालावा लागतो. तिथून दिसलं नाही तर आत दोन सीटच्या मधला इंजिनवरचा उंचवटा उघडतो. इथले लोक त्याला डॉगहाऊस म्हणतात. कार्पेट आणि बोल्ट काढायचं काम आहे, पण त्यातून इंजिन चांगलं दिसतं. इंजिन मागे असलेल्या डिझेल पुशरमध्ये समोर शोधण्यात वेळ घालवू नका. टाकी मागे इंजिनजवळ असते, आणि काही गाड्यांत रेडिएटरचा पंखाही त्याच टाकीतल्या तेलावर फिरतो, त्यामुळे ती चांगली मोठी असते. याउलट 2019 पासूनच्या अमेरिकेतल्या नव्या मर्सिडीज स्प्रिंटर व्हॅनवर बांधलेली गाडी असेल, तर शोधूच नका. तिचं स्टिअरिंग विजेवर चालतं, तेल नाहीच.

काहीच कळलं नाही तर उलट्या बाजूने जा. स्टिअरिंगचा दांडा खाली उतरून ज्या ओतीव लोखंडी गिअरबॉक्सला मिळतो तिथून दोन नळ्या निघतात. त्या धरून वर गेलात की पंप आणि टाकी सापडते. पण गाडी लेव्हलिंग जॅकवर उचलून त्याखाली सरपटू नका. ते जॅक गाडी सपाट करायला असतात, माणसाच्या अंगावर तोलून धरायला नाहीत. एअर सस्पेन्शनवाल्या, म्हणजे हवेच्या फुग्यांवर बसणाऱ्या गाडीलाही हेच लागू.

आणखी एक घोळ हमखास होतो. त्या जॅकचं आणि काही गाड्यांत बाहेर सरकणाऱ्या खोलीचं हायड्रॉलिक तेल वेगळ्या टाकीत असतं, आणि तेही बहुतेक लालच, एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलच. लाल तेलाची टाकी दिसली म्हणून हीच स्टिअरिंगची असं धरू नका. जवळ इलेक्ट्रिक मोटर आणि व्हॉल्व्हचा ठोकळा दिसला तर ती जॅकची.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकं सरळ. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ फडक्याने नीट पुसा, कारण आत गेलेली वाळू पंप आणि व्हॉल्व्ह खाते. बाटली पारदर्शक असेल तर बाहेरून मिन-मॅक्सच्या रेषा दिसतात, नाहीतर झाकणालाच छोटी डिपस्टिक असते. तिच्यावर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत भरलंत तर तापल्यावर तेल फुगून बाहेर येईल. रंग आणि वासही बघा. काळपट आणि जळकट वास असेल तर तेल शिजलंय. फेस असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय, आणि तुमचा घूंऽऽ आवाज तेल कमी असल्याने किंवा याच हवेमुळे येत असण्याची शक्यता जास्त. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या जाड नळीचा क्लॅम्प आधी बघा. तिथून तेल गळतंच असं नाही, पण हवा आत शिरते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून तिथेच दाबून धरलं की निरोगी पंपही कण्हतो, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका. पण तसं धरून ठेवण्याची सवय मात्र सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ई-450 सारख्या चासीत ब्रेकला जोर देणारा हायड्रोबूस्ट नावाचा भाग याच पंपाच्या दाबावर चालतो. ई-450 चं पूर्ण भारासकट मान्य वजन 14,500 पौंड, म्हणजे साधारण साडेसहा टन. तेल संपलं तर स्टिअरिंग जड होईलच, ब्रेकही दगडासारखे होतील. दाब साठवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरमुळे एक-दोन वेळा नीट ब्रेक लागतात, त्यानंतर सगळी मदार तुमच्या पायावर. म्हणून आवाज येत असताना डोंगरउतारावर ही गाडी घालू नका. आणि त्या हायड्रोबूस्टला लागूनच ब्रेक ऑइलची बाटली असते. तिच्यात चुकून स्टिअरिंगचं तेल पडलं तर ब्रेकमधले रबरी सील फुगून निकामी होतात, आणि मग सगळी ब्रेक सिस्टीम उघडावी लागते. ओतण्याआधी झाकण दोनदा वाचा.

कुठलं तेल? फोर्डमध्ये वर्षाप्रमाणे मर्कॉन जातीचं एटीएफ लागतं, नेमकं कुठलं ते मॅन्युअलमध्ये असतं. शेवरोले आणि वर्कहॉर्सच्या चासीला जीएमच्या स्पेसिफिकेशनचं पॉवर स्टिअरिंग फ्लुइड. डिझेल पुशरमध्ये कुठे एटीएफ तर कुठे चक्क 15डब्ल्यू-40 इंजिन ऑइल असतं, तिथे अंदाज चालत नाही. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेली बाटली मी तरी घेत नाही. थोडं थोडं ओता, इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हळू फिरवा, बंद करा, फेस बसू द्या, पुन्हा बघा.

हे तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालंय म्हणजे गळतंय. रात्री पुठ्ठा अंथरून ठेवा, सकाळी तेलाचे थेंब कुठे पडलेत ते बघा: पंपाखाली, गिअरबॉक्सखाली, की हायड्रोबूस्ट आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या बाटलीखालचा ब्रेकचा मुख्य पंप) यांच्या सांध्याखाली. शेवटच्या जागी असतील तर गाडी तिथेच उभी ठेवा, चालवू नका. इंजिन चालू असताना बोटाने गळती चाचपू नका, दाबाच्या नळीत हजार पीएसआयच्या वर दाब असू शकतो.

दुरुस्तीसाठी आरव्ही, म्हणजे मोटरहोम विकणाऱ्या डीलरकडे रांगेत थांबण्यापेक्षा ट्रक आणि डिलिव्हरी व्हॅन दुरुस्त करणारं गॅरेज गाठा, चासी तीच असते. फक्त फोनवर आधी दाराची उंची विचारा आणि छतावरच्या एसीसकट तुमच्या गाडीची उंची सांगा.