ग्रॅमर येतं, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही

"मॅडम, लिहायला सांगा, पानभर इंग्रजी लिहून देतो. बोलायला सांगितलं की दातखीळ बसते." ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे बरेच असतात. आधी व्याकरण पक्कं करू, मग बोलू, असं बहुतेकांनी मनाशी ठरवलेलं असतं. माझं मत उलटं आहे, आणि ते सुधीर यांच्या उदाहरणावरून सांगते. (नाव बदललं आहे.)

सुधीर चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर. शाळा सोलापूर जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. सुधीर तेव्हा नववीत होते, म्हणजे त्यांची एबीसीडी पाचवीतली. शिफ्ट रिपोर्ट मात्र इतका नेटका लिहायचे की ऑडिटला त्यांचीच फाइल पुढे केली जायची. प्लँट हेड चेन्नईचे, त्यामुळे सकाळची मीटिंग इंग्रजीत. तिथे जायची वेळ आली की सुधीरना हमखास लाइनवर काहीतरी काम निघायचं आणि ज्युनिअरला पाठवलं जायचं. प्रमोशनचा अर्जही त्यांनी भरला नव्हता.

मूळ सापडायला थोडा वेळ लागला. एका मीटिंगमध्ये ते म्हणाले होते, "मशीन इज नॉट वर्किंग सिन्स थ्री अवर्स." चहाच्या वेळी कुणीतरी त्याची नक्कल केली. सगळे हसले, सुधीरही हसले. मग ग्रॅमरचं पुस्तक आणलं, त्यातले सगळे स्वाध्याय पेन्सिलने सोडवले. तोंड मात्र बंद झालं ते झालंच.

परकी भाषा शिकतानाची धास्ती मोजण्यासाठी एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ३३ विधानांची एक प्रश्नावली मांडली. त्यातलं एक विधान आपण बोललो की बरोबरचे हसतील, या भीतीचं आहे. ते मराठीत वाचून दाखवलं तर सुधीर म्हणाले, "हे कॉलेजच्या पोरांसाठी असेल ना?" होतं खरं विद्यार्थ्यांसाठीच. पण चाळिशीला टेकलेल्या माणसाला ते जसंच्या तसं लागू पडत होतं.

मी त्यांना आदल्या दिवशीचं ब्रेकडाउन आधी मराठीत सांगायला लावलं. बेअरिंग कसं जाम झालं, स्टोअरमध्ये स्पेअर कसं मिळेना, हातवारे करत झकास सांगितलं. मग तेच इंग्रजीत. दर वाक्यात क्रियापदाच्या अलीकडे गाडी थांबायची, मागे जायची, पुन्हा सुरू व्हायची. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशेन म्हणतात, नियम आठवून बोलणं तपासायला माणसाला वेळ लागतो. लिहिताना तो मिळतो, बोलताना मिळत नाही. सुधीर बोलतानाही रिपोर्टच लिहायला बसायचे.

म्हणून पुस्तक कपाटात ठेवायला सांगितलं. रोज शिफ्ट संपली की त्या दिवसाची एकच घटना इंग्रजीत सांगायची: आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. दर वेळी ऐकणारा वेगळा हवा. पहिल्यांदा मोबाइलवर रेकॉर्डिंग, दुसऱ्यांदा बायको, तिसऱ्यांदा कॉलेजला जाणारी भाची. वहिनींना इंग्रजी फारसं येत नाही. सुधीर म्हणाले, म्हणूनच तिच्यासमोर जीभ सुटते. भाची मात्र मध्येच चुका काढायची. तिला सांगितलं, मामांचं बोलणं पुरं होऊ दे, चुका कागदावर लिही, आणि त्यातली एकच दाखव.

आठवडाभर एकाच चुकीवर काम. पहिली अर्थातच 'सिन्स थ्री अवर्स'ची. 'तीन तासांपासून बंद आहे' हे मराठीत वर्तमानकाळात बिनचूक आहे. तोच साचा सुधीर इंग्रजीत नेत होते. किती वेळ ते सांगायचं असेल तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं असेल तर 'सिन्स', आणि दोन्हीकडे 'हॅज बीन'. नियम एवढाच, पण तो त्यांच्याच कामातल्या वाक्यांत घोळवायचा: "द कन्व्हेअर हॅज बीन डाउन फॉर टू अवर्स." "द ऑपरेटर हॅज बीन ऑन लीव्ह सिन्स मंडे." पुढच्या आठवड्यात 'काल आलोय'छाप चूक: 'यस्टरडे' म्हटलं की 'हॅव कम' नाही, साधं 'केम'. 'अ' आणि 'द'च्या चुका मी मुद्दाम सोडून दिल्या. त्यांच्यावाचून मीटिंगमध्ये कुणाचं काही अडत नाही.

अडकल्यावर गप्प होऊ नये म्हणून दोन वाक्यं मात्र घोकून घेतली: "लेट मी से दॅट अगेन" आणि "कुड यू रिपीट द लास्ट पॉइंट?" फाडफाड इंग्रजीच्या जाहिरातींत हे कधी दिसत नाही, पण घाबरलेल्या माणसाला याचाच आधार सगळ्यात जास्त वाटतो.

एक खुलासा. मराठीत चार लोकांसमोर बोलतानाही छातीत धडधडत असेल, आदल्या रात्री झोप लागत नसेल, तर प्रश्न इंग्रजीचा नाही. तेव्हा बोलण्याच्या सरावाआधी त्या भीतीवर उपचार हवेत. सुधीरचं तसं नव्हतं. गणपती मंडळाच्या सभेत ते माइक सोडत नाहीत.

पुढे ते मीटिंगला गेले, हायड्रॉलिक लीकबद्दल बोलले, 'सिन्स टू डेज' म्हणून गेले. प्लँट हेडनी फक्त विचारलं, स्पेअर कधी येणार? सुधीरनी तारीख सांगितली. आता सकाळची मीटिंग तेच घेतात. परदेशी ग्राहकाचा फोन मात्र अजून ज्युनिअरकडेच जातो, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि उच्चार कळत नाहीत. सध्या आम्ही त्यावर काम करतोय.