यूएनमधली बिनपगारी इकॉनॉमिक अफेअर्स इंटर्नशिप कर्ज काढून करावी का?

नाही. कर्ज काढून जाऊ नका, आणि शेतजमिनीवर तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की एमए अर्थशास्त्राचं शेवटचं वर्ष आहे, जिनिव्हाला अंक्टाडमध्ये (यूएनची व्यापार आणि विकासावर काम करणारी संस्था) सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय, पगार नाही, वडील जमीन तारण ठेवायला तयार आहेत आणि पुढे तिथेच नोकरी लागते का ते कळत नाही. नोकरीचं खाली सांगते. आधी पैशाचं बोलू, कारण त्यावरून मी घरी बरंच ऐकून घेतलंय.

यूएन सचिवालयाच्या इंटर्नला मानधन नाही. तिकीट, व्हिसा, खोली, विमा, सगळं पदरचं. २०१५ मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडचा २२ वर्षांचा एक इंटर्न तलावाकाठी तंबूत राहत होता. त्याच्या बातम्या जगभर झाल्या, त्याने इंटर्नशिप सोडली, नियम मात्र तसाच राहिला. त्याच गावात आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) इंटर्नला पैसे देते, डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) देते, डब्ल्यूएचओनेही २०२० पासून द्यायला सुरुवात केली. म्हणजे द्यायचं ठरवलं तर देता येतात. गरीब देशांच्या विकासावर अहवाल लिहिणाऱ्या टेबलाशी फक्त पैसेवाल्यांचीच मुलं बसू शकत असतील तर तो सरळसरळ अन्याय आहे.

पण म्हणून ते काम फुकट जातं, हे मला मान्य नाही.

मी बँकॉकला एस्कॅपमध्ये, म्हणजे यूएनच्या आशिया-पॅसिफिकसाठीच्या आर्थिक-सामाजिक आयोगात इंटर्न होते, २०२३ च्या हिवाळ्यात. आमचं घर निफाड तालुक्यात, शेती कांदा-द्राक्षाची. बीएनंतर पुण्यात नोकरी केली, त्यातून साठवलेले पैसे एमए संपल्यावर तिकडे खर्च केले. घरचा एक रुपया घेतला नाही. तरी आजही लग्नकार्यात कुणी विचारलं की आमचा दादा सांगतो, "हिला आम्ही बँकॉकला फिरायला पाठवलं होतं." आणि जायच्या आधी म्हणाला होता, "फुकटच राबायचं तर शेतात काय काम कमी आहे?"

तर त्या फिरण्याचा हिशेब इथे देते.

माझ्याकडे काम होतं आशिया-पॅसिफिकमधल्या अन्नधान्य निर्यातबंद्यांवरच्या टिपणाचं. मुख्य भर तांदळावर, कारण भारताने जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली होती. कांदा ही तक्त्यातली एक ओळ. मालाचा व्यापारी संकेतांक ०७०३.१०, कांदा आणि शॅलट (छोटा कांदा) एकाच खान्यात. भारताने दाखवलेली निर्यात आणि घेणाऱ्या देशाने दाखवलेली आयात जुळत नाही, कारण एक एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत), दुसरी सीआयएफ (त्यात विमा आणि वाहतूकही धरलेली), शिवाय काही देश आकडे द्यायलाच उशीर करतात. हे सगळं महिनावार लावत बसायचं. कंटाळवाणं आहे, पण इंटर्नच्या वाट्याला हेच येतं आणि यायलाही हवं.

७ डिसेंबरला रात्री केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी लावली, ३१ मार्चपर्यंत. सकाळी दादाचा फोन. लिलाव बंद पडलेत, लोक मुंबई-आग्रा महामार्गावर बसलेत, आणि आपला ट्रॅक्टर भरून उभा आहे. डिसेंबरचा कांदा म्हणजे लाल कांदा. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, काढला की विकायलाच लागतो. दादा म्हणाला, "तुमच्या ऑफिसातून काही होतं का बघ." होत नाही, हे मी त्याला त्याच वेळी सांगितलं. एस्कॅप कुठल्याही सरकारची बंदी उठवू शकत नाही.

त्याच दिवशी मी तक्ता घेऊन वरिष्ठ अर्थतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी कांदा निर्यातीच्या आकड्यांत २०१९ च्या ऑक्टोबरपासून पडलेल्या खड्ड्यावर बोट ठेवून विचारलं, "इथे पीक गेलं होतं का?" बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटणार, त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीने खरंच नासाडी झाली होती. पण मी त्या वर्षी घरी होते. १३ सप्टेंबरला टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं (त्याहून कमी भावाने निर्यात करता येत नाही), २९ सप्टेंबरला बंदी आली, मोठी अवकाळी त्यानंतरची. आणि निव्वळ पीक कमी असतं तर आकडे उतरत गेले असते, असे कापल्यासारखे थांबले नसते. मार्च २०२० च्या मध्याला बंदी उठली आणि निर्यात परत सुरू झाली. बाई म्हणाल्या, कागद दाखव. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना शोधून तारखा तक्त्यापुढे मांडल्या, तेव्हा कारणाच्या रकान्यात 'सरकारी निर्बंध' असं आलं.

मग त्यांनी मला पुढचा भागही लिहायला लावला, घेणाऱ्यांनी काय केलं तो. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत व्यापाऱ्यांच्या बैठकीत बंदीबद्दल जाहीरपणे बोलल्या, स्वयंपाक्याला कांदा वापरू नको असं सांगितल्याचं म्हणाल्या. पुढे बांगलादेशाने इजिप्त, तुर्कस्तानातून कांदा विमानाने आणवला. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. असं वारंवार झालं की गिऱ्हाईक दुसरी दारं शोधून ठेवतं, आणि भाव पडला की तोटा निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

दादाचं म्हणणं, त्या कागदाने क्विंटलमागे एक रुपया तरी वाढला का? नाही वाढला. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, आणि वर ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. पण ज्या नुकसानीची नोंद होत नाही ते पावसाच्या खात्यावर जातं. 'ग्राहकहितासाठी घेतलेला निर्णय' एवढंच दफ्तरात उरतं. ती नोंद नीट व्हावी म्हणून अशा ठिकाणी शेतकऱ्याच्या घरातलं माणूस असायला हवं. मी ते काम केलं आणि मला त्याचा अभिमान आहे.

आता नोकरी. इंटर्नशिपवरून थेट नोकरी लागत नाही. पी-२, म्हणजे सुरुवातीच्या अधिकारी जागांसाठी यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामची परीक्षा असते, वयाची अट ३२, आणि त्या वर्षी आपला देश पात्र देशांच्या यादीत असावा लागतो. बाकी लोक टिकतात ते छोट्या सल्लागार करारांवर, एक संपला की दुसरा मिळेपर्यंत जीव टांगणीला. त्यात २०२५ पासून यूएनमध्ये खर्चकपात चालू आहे, भरती आखडलीय. नोकरीच्या आशेने जाणार असाल तर थांबा.

जायचंच असेल तर आयएलओ, डब्ल्यूटीओ, मनिलाची एडीबी (आशियाई विकास बँक), अशा पैसे देणाऱ्या ठिकाणी आधी अर्ज करा. आरबीआयची उन्हाळी इंटर्नशिपही मानधन देते. नीती आयोगाची देत नाही, पण दिल्लीत निदान भागतं. बिनपगारीच करायची तर बँकॉक जिनिव्हापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मी थेवेत बाजाराच्या मागे खोली घेतली होती, ऑफिसला चालत जायचे, खाणं बाजारातच. तुमच्या विद्यापीठाकडून किंवा एखाद्या ट्रस्टकडून शिष्यवृत्ती मिळाली तर जिनिव्हालाही जरूर जा, अंक्टाडचं काम उत्तमच आहे. सचिवालयात पदवी मिळाल्यानंतर वर्षभरात इंटर्नशिप सुरू केली तरी चालतं, म्हणजे लगेच निर्णय घ्यायलाच हवा असं नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे जाहिरात स्वतः नीट वाचा.

आणि वडिलांना हे सांगताना नमतं घेऊ नका. घरातली मोठी माणसं प्रेमापोटी जमीन पुढे करतात, पण उद्या तीच गोष्ट तुम्हाला चारचौघांत ऐकवली जाते. स्वतःच्या पैशाने गेलात तरी ऐकवली जाते, पण तेव्हा निदान उत्तर देता येतं. दादाची मुलगी आता बारावीला आहे, तिला अर्थशास्त्रच घ्यायचंय. तिने उद्या असा अर्ज भरला तर तिचा खर्च मी करणार आहे, हे मी दादाला सांगून ठेवलंय.