अकूस्टिक गिटारवर स्ट्रमिंग बरं जमतं, पण एकेक तार वाजवताना पिक वाकतो. किती जाडीचा घेऊ?

०.७३ मिमीचा घ्या, एवढ्या एकाच पिकावर तुमची दोन्ही कामं भागतील. तुमच्याकडे आत्ता आहे तो बहुधा ०.५० च्या आसपासचा असणार, कारण गिटारसोबत फुकट मिळणारे पिक साधारण तसलेच असतात. पातळ पिक तारेवर आधी वाकतो, मग सुटतो, त्यामुळे सूर किंचित उशिरा येतो आणि सोबत प्लास्टिकची ‘टकटक’ ऐकू येते. स्ट्रमिंगमध्ये हे खपून जातं, सुट्या सुरांत लगेच कळतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या हातात हेच रोज दिसतं. दुकानात मागताना:

- डनलॉप टॉर्टेक्स, पिवळा (०.७३). पृष्ठभाग खरखरीत, घामाने सटकत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा गुण मोठा.
- त्याच कंपनीचा नायलॉनचा ०.७३. आवाज जरा मऊ, पकडीच्या जागी उठावदार खडी असते.
- पुढे धून वाजवण्यावर भर आला तर हिरवा टॉर्टेक्स (०.८८).

मात्र हे सगळं स्टीलच्या तारांसाठी. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर पिक बाजूला ठेवा, ती बोटांनीच वाजवतात. आणि पिक बदलूनही अडखळत असाल तर पकड बघा: टोक बोटाबाहेर जेमतेम अर्धा सेंटिमीटर दिसायला हवं. बरेच जण निम्मा पिक बाहेर काढून धरतात, मग जाडसुद्धा हातात फिरतोच.