माझं .२२ पिस्तूल सारखं अडकतं, सर म्हणतात मनगट सैल आहे. सेमी-ऑटोमॅटिक नेमकं चालतं कसं आणि दोष कुणाचा?

मनगट राहू द्या, आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, बघा.

मलाही दोन वर्षं हेच ऐकवलं गेलं. मुलींच्या मनगटात जोर नसतो, असं आमच्या सरांचं ठाम मत. सहा महिने मी रोज सकाळी डंबेल उचलले. पिस्तूल अडकायचं ते अडकतच राहिलं.

राज्य स्पर्धा, २५ मीटर, रॅपिड. तीन सेकंद हिरवा दिवा, सात सेकंद लाल, दर हिरव्याला एकच शॉट. तिसरा दहात बसला. चौथ्याला हात वर नेला, ट्रिगर दाबला, काहीच नाही. बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकणारा भाग, अर्ध्यावर थांबलेला, गोळीचं नाक चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीच्या, तोंडाशी अडलेलं. मागून सर ओरडले, "खेच मागे, सोड!" मी खेचला. गोळी टेबलावर पडली, तोवर लाल दिवा. पाचवा शॉट पुन्हा दहा. मालिका संपल्यावर हात वर केला, तर रेंज ऑफिसरनी पहिलंच विचारलं, "बोल्टला हात लावलास?" लावला होता. पिस्तूल जसंच्या तसं खाली धरून लगेच हात वर केला असता तर तो शॉट परत मिळाला असता. हात लावला की बिघाड ग्राह्य धरत नाहीत. चौथा शॉट शून्य. फायनल चार गुणांनी हुकली.

नंतर ती गोळी नीट पाहिली. .२२ चं शिसं मऊ, त्यामुळे खूण राहते. डाव्या बाजूला दाबल्याची खोच होती. घरी तिन्ही मॅगझिनच्या बुडाला नेलपॉलिशने १, २, ३ आकडे घातले आणि प्रत्येक अडकणं वहीत लिहायला लागले. महिन्याभरात २३ वेळा अडकलं, त्यात १९ वेळा मॅगझिन नंबर २. उजेडात धरलं तर डावा लिप, म्हणजे वरची गोळी धरून ठेवणारी कड, बाहेर वाकलेला. कधीतरी फरशीवर पडलं असणार. नवीन मॅगझिन घेतलं, त्रास संपला. मनगट तेच होतं. आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, इंडोनेशियातल्या पालेमबांगला, २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण कोल्हापूरच्या राही सरनोबतने जिंकलं, तेव्हा मुलींच्या मनगटाचा विषय माझ्यासमोर कुणी काढू नये.

आता चालतं कसं. आपल्या .२२ मध्ये बोल्टला कुलूप नसतं, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढंच त्याला रोखतं. गोळी सुटली की दाब रिकाम्या केसला, म्हणजे काडतुसाच्या कवचाला, मागे ढकलतो, केस बोल्टला. एक्स्ट्रॅक्टर केस ओढतो, इजेक्टर ती बाहेर उडवतो, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि तो येता येता मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये सारतो. ९ मिमीसारख्या जोरदार काडतुसाला एवढं पुरत नाही, म्हणून तिथे बहुतेक पिस्तुलांत बॅरल आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून मागे सरकतात.

म्हणून कुठे अडकतं ते बघा. गोळी आत जाताना अडकली तर मॅगझिन. रिकामी केस बाहेर पडायच्या खिडकीत उभी राहिली तर एक्स्ट्रॅक्टरखालची घाण किंवा तुमच्या स्प्रिंगला न पुरणारी कमजोर गोळी. घोडा पडून आवाजच नाही, तर केसच्या कडेवरची खूण बघा. खोल असेल तर गोळी खराब, उथळ असेल तर फायरिंग पिनच्या भोकात घाण किंवा जास्तीचं तेल. "तेल घाल" हाही सरांचा आवडता उपाय. चिकट तेलात जळालेली दारू बसते आणि त्रास वाढतो.

अगदी हलक्या पिस्तुलात, विशेषतः ९ मिमीच्या, सैल मनगटाने खरंच अडकतं, हे मान्य. पण आपली टार्गेट पिस्तुलं किलोच्या आसपासची, आणि .२२ चा झटका तो केवढा. लिप पकडीने सरळ करायला जाऊ नका, ट्रिगर उघडू नका, ते काम आर्मररचं, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याचं.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, ती उशिरा उडू शकते. फुसका आवाज आला तर पुढचा शॉट मारू नका. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा आणि बॅरल कुणाकडून तरी तपासून घ्या. आत शिसं अडकलेलं असेल आणि मागून दुसरी गोळी आली तर बॅरल फुगतं.

तुमच्याकडे मॅगझिन किती आहेत? आजच आकडे घाला. महिन्याने वही सरांपुढे ठेवा. मी ठेवली होती. त्यांनी नंबर २ हातात घेतलं, लिपवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डंबेल चालू ठेव."

मी त्याच दिवशी बंद केले.