गोल कोण मारणार, आणि बोलणार कोण?

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशनं भारताला १-० असं हरवलं, तेव्हापासून येणाऱ्या पत्रांचा विषय एकच आहे: आपल्या पुरुष फुटबॉल संघाचं आक्रमण आणि ड्रेसिंग रूममधलं नेतृत्व. म्हणून या अंकात फक्त तीच पत्रं घेते. गुडघेदुखी आणि बुटांच्या मापांबद्दल विचारणाऱ्यांना पुढच्या अंकात उत्तरं मिळतील.

ताई, मी आणि माझा मेहुणा कोपरखैरण्यात समोरासमोरच्या इमारतींत राहतो. भारताची मॅच एकत्र बघतो आणि मग आठवडाभर भांडतो. शिलाँगला बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१, मडगावला सिंगापूरकडून १-२, आता ढाका. मेहुण्याचं म्हणणं, गोल मारणाराच नाही तर कोच कितीही बदला, काय होणार? माझं म्हणणं, आपला जुना कर्णधार सुनील छेत्री निवृत्त झाल्यापासून ड्रेसिंग रूममध्ये कोणाचाच शब्द चालत नाही, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत संघ ढेपाळतो. कोणाचं बरोबर?
— एक वाचक, कोपरखैरणे

दादा, आधी तुमचं शेवटचं वाक्य दुरुस्त करते, कारण त्यात पोरांवर अन्याय होतोय. हाँगकाँगला भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर गोल बसला, तेवढं खरं. पण ढाक्यात गोल बसला अकराव्या मिनिटाला. मडगावला सिंगापूरनं मारले ४४ आणि ५८ व्या मिनिटाला. उलट सिंगापूरमधल्या पहिल्या सामन्यात, बचावपटू संदेश झिंगनला लाल कार्ड मिळून दहा जण उरले असताना, रहीम अलीनं नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी साधून दिली. दम आहे. खोट दुसरीकडे आहे.

आता मेहुण्याचं बघू. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई चषकात आपण ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१ हरलो. तीन सामने, एकही गोल नाही. ते अख्खं वर्ष एकही विजय मिळाला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मनवीरच्या गोलवर कुवेतला त्यांच्याच घरी हरवलं होतं, त्यानंतरचा विजय थेट मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध. त्या ३-० मधले गोल कोणाचे? एक राहुल भेकेचा, एक लिस्टनचा, एक छेत्रीचा. म्हणजे एक बचावपटू, एक विंगर आणि निवृत्तीतून परत आणलेला चाळिशीचा माणूस. त्याआधी हैदराबादला मलेशियाशी १-१ झालं, तोही गोल भेकेचाच. ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या कोचच्या, खालिद जमीलच्या, पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला २-१ हरवलं, तिथे अन्वर अली आणि झिंगन, दोघेही सेंटर बॅक. भेके आपल्या मुंबईचा, त्याचा गोल झाला की मी घरात ओरडते. पण बचावपटू कॉर्नरला वर येऊन गोल करतात आणि फॉरवर्ड कोरडे राहतात, हे महिनोन् महिने चाललंय.

पुढची मॅच लावाल तेव्हा बॉलकडे न बघता बॉक्समध्ये बघा. छांगटे किंवा लिस्टनपर्यंत बॉल बरा पोहोचतो. विंगर मान वर करतो, आणि बॉक्समध्ये दोन डिफेंडरांच्या मधोमध आपला एकच शर्ट असतो. बाकीचे बॉक्सच्या रेषेवर येऊन थांबलेले. जवळच्या पोस्टकडे कोणी धाव घेत नाही, लांबच्या पोस्टला कोणी उभं नसतं. क्रॉस सरळ गोलकीपरच्या हातात. हाँगकाँगला आशिकला समोर गोल मोकळा दिसत होता, तोही हुकला. एक हुकणं मी समजू शकते. पण नव्वद मिनिटांत तशा दोनच संधी मिळत असतील, तर हुकणाऱ्याच्या पायावर सगळ्या देशाचं ओझं येतं.

हे असं का, त्याचं उत्तर क्लबांत आहे. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ ला मैदानावर सहा परदेशी खेळाडू चालायचे, २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. आकडा उतरला, पण नंबर नऊची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची, जागा बहुतेक क्लबांनी परदेश्यालाच ठेवली. मालकाला यंदाच गोल हवेत, कोचला यंदाची नोकरी टिकवायची आहे. २०२४-२५ मध्ये सर्वाधिक गोल मोरोक्कोच्या अजराईचे, २३. भारतीयांत पहिला कोण? चाळिशीतला छेत्री, १४. आपला पोरगा सतराव्या वर्षी स्ट्रायकर असतो, विसाव्या वर्षी क्लब त्याला विंगवर पाठवतो, आणि पुढची पाच वर्षं तो दुसऱ्याला बॉल द्यायला शिकतो. मग देशाचा शर्ट घातला की आपण त्याच्याकडे गोल मागतो. त्यात २०२५ चा सप्टेंबर आला तरी लीगच सुरू झाली नाही. सामनेच नसतील तर पाय चालणार कसे?

आता तुमचा मुद्दा, कारण तो इथेच येऊन मिळतो. छेत्री २००५ मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पहिल्यांदा खेळला आणि गोल केला. जून २०२४ मध्ये कोलकात्याला थांबला तेव्हा ९४ गोल होते. या एकोणीस वर्षांत बहुतेक काळ पेनल्टी त्याची, मोक्याचा बॉल त्याला, आणि हरल्यावर माइकसमोरही तोच. अंधेरीतला जून २०१८ आठवतो का? चायनीज तैपेईला ५-० हरवलं, त्यात त्याची हॅट्ट्रिक, आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं. मग त्यानंच व्हिडिओ करून हात जोडले, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. केनियाच्या मॅचला स्टेडियम भरलं, आणि त्या शंभराव्या सामन्यात त्यानं दोन गोल मारले. आपल्या ठाण्या-नवी मुंबईतून गाड्या भरून माणसं गेली होती. मला त्याचा अभिमान आहे, आणि त्याच गोष्टीची आता काळजीही वाटते. गोल त्यानं मारायचा, बोलायचं त्यानं, प्रेक्षक आणायचे तेही त्यानंच! बाकीच्यांना या तिन्हींपैकी एकाचीही सवय लागली नाही.

नंबर नऊचं काम फक्त बॉल जाळ्यात घालणं नव्हे. हुकल्यावर पुढच्याच मिनिटाला हात वर करून ‘पुन्हा दे’ म्हणायचं, हे खरं काम. हे म्हणणारा माणूसच ड्रेसिंग रूममध्येही आधी तोंड उघडतो. मडगावला छांगटेनं चौदाव्या मिनिटाला गोल केल्यावर आपण काय केलं, ते आठवा. बॉल पायाशी ठेवून खेळ संथ करायला हवा होता, हाफ टाइमपर्यंत १-० सांभाळायला हवं होतं. त्या अर्ध्या तासात ‘थांबा, रेषा धरा’ असं अकरा जणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगणारा मला कोणी दिसला नाही. झिंगन त्या लाल कार्डामुळे बाहेर होता. तो नसला की मैदान शांत होतं, हे एका संघासाठी फार धोक्याचं आहे.

तेव्हा मेहुण्याला घरी बोलवा. तुम्ही दोघं एकाच उणिवेवर भांडताय.

छेत्रीला निवृत्तीनंतर परत बोलावणं म्हणजे तरुण खेळाडूंचा अपमान होता, असं आमच्या हॉस्टेलमधल्या सगळ्यांचं मत आहे. तुमचं काय?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, ऐरोली

मला नाही वाटत. त्या मोसमात भारतीयांत सर्वाधिक गोल ज्याचे, त्याला तेव्हाचा कोच मानोलो मार्केझनं बोलावलं. फॉर्म बघून निवड केली, वय बघून नाही. कोचला मार्चमध्ये सामना जिंकायचा होता. माझा राग आहे तो जून २०२४ ते मार्च २०२५ या नऊ महिन्यांवर. एवढा मोठा माणूस जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, मग त्याच्या जागेसाठी दोन पोरं निवडून त्यांना सलग दहा सामने, गोल होवोत न होवोत, का खेळवलं नाही? एक पोरगा दोन सामने कोरडा गेला की बेंचवर, दुसरा आत. अशानं कोणाचाच जीव त्या जागेत रमत नाही.

तू तेव्हा लहान असशील. ऑक्टोबर २०१५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटीनं नॉर्थईस्टला ५-१ हरवलं, त्यात छेत्रीची हॅट्ट्रिक होती. या लीगमधली कोणा भारतीयाची ती पहिलीच. मी स्टँडमध्ये होते. उंची बेताची, धावण्यात त्याच्यापेक्षा वेगवान दोघे-तिघे त्याच संघात असतील. पण बॉल विंगवर गेला की तो एक पाऊल मागे यायचा, डिफेंडरची नजर बॉलवर गेली की त्याच्या पाठीमागून पुढे घुसायचा. दर वेळी, बॉल येवो न येवो. तरुणांचा अपमान टाळायचा असेल तर हे त्यांना रोज करायला लावा, आणि त्यांना क्लबात ती जागा द्या.

परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना घेतलं तर प्रश्न सुटेल का? बांगलादेशनं हमझा चौधरीला घेतलंच की.
— एक वाचक, पनवेल

थोडा सुटेल. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे आधी तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. इझुमी अरातानं जपानचा सोडला होता, आता रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा सोडला. जो एवढं सोडून येतो त्याचं मनापासून स्वागत करावं. मात्र येणारे एक-दोनच असतील. क्लबातला नंबर नऊ भारतीय होईपर्यंत हा फक्त आधार आहे.

गोलकीपरला कर्णधार करावं का? त्याला सगळं मैदान दिसतं.
— एक वाचक, घणसोली

दिसतं, आणि गुरप्रीतसारख्या उंच, अनुभवी माणसाचा आवाज बचावफळीला लागतोच. कतारविरुद्ध जून २०२४ मध्ये कर्णधाराची पट्टी त्याच्याच हातावर होती. पण दुसऱ्या टोकाला बॉल असताना त्याचं बोलणं पुढच्या तिघांपर्यंत पोहोचत नाही, आणि आपला गोंधळ सध्या तिथेच आहे. रेफरीशी बोलायलाही त्याला साठ-सत्तर मीटर धावत यावं लागतं. मी मिडफिल्डमधला कर्णधार निवडेन. शिवाय आपल्या ड्रेसिंग रूममध्ये मिझो, मणिपुरी, मल्याळी, पंजाबी, गोवेकर असे सगळे एकत्र बसतात. ज्याचं त्यातल्या निदान तीन कोपऱ्यांत सहज उठणं-बसणं आहे, असा मुलगा शोधावा. पट्टी एकाकडे असू दे, पण प्रत्येक कोपऱ्यात बोलणारा एक हवा.

ताई, माझी मुलगी बारा वर्षांची आहे. घराजवळच्या टर्फवर पाच-पाच जणांच्या खेळात ढिगानं गोल करते. शाळेच्या संघात मोठ्या मैदानावर मात्र तिला बॉलच मिळत नाही. सरांनी तिला आता डिफेन्सला टाकलंय. ती रडते. भारतीय संघासारखंच झालंय म्हणते. काय करू?
— एक आई, कळवा

तिला सांगा की भारताच्या मुलींनी ५ जुलै २०२५ ला थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशियाई चषकात जागा मिळवली, आणि ते दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते. संगीता मिडफिल्डला खेळते. म्हणजे जागा बदलली म्हणून गोल संपत नाहीत.

आता टर्फबद्दल. आपल्याकडे मोकळी मैदानं कमी आणि तासावर भाड्यानं मिळणारी टर्फं जास्त झाली, त्याचा हा थेट परिणाम आहे. लहान टर्फवर ऑफसाइड नसतो, बॉल सतत पायाशी येतो, बाजूच्या जाळीवर आपटून परत येतो. पाय चपळ होतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण बॉल चाळीस मीटर लांब असताना आपण कुठे असावं, हे तिथे कळतच नाही. ती मोठ्या मैदानावर बॉलची वाट बघत उभी राहत असणार. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं पहिल्या महिन्यात हेच करतात.

सरांवर रागावू नका, पण त्यांना जाऊन भेटा. सरावात रोज वीस मिनिटं तिला पुढे खेळवा, एवढंच मागा. डिफेन्सला खेळताना तिनं समोरच्या फॉरवर्डकडे नीट बघावं: कोणती फॉरवर्ड तिला त्रास देते आणि का. पाठीमागून घुसणारी त्रास देते, उभी राहणारी देत नाही, हे तिचं तिलाच उमगेल. घरी तुम्ही एक करू शकता. तिच्या मागे उभ्या राहा आणि बोटं दाखवा. तुम्ही बॉल समोरच्या भिंतीवर मारा, आणि तो परत येईपर्यंत तिनं खांद्यावरून मागे बघून बोटं किती ते सांगायचं, मग एकाच टचमध्ये बॉल मारायचा. डाव्या पायानंही.

आणि तिला मोठ्यानं बोलायला लावा. ‘माझा’, ‘मागे’, ‘दे’. आपल्या मुलींना मैदानावर आवाज चढवायला कोणी शिकवत नाही, आणि मुलग्यांना तरी कुठे शिकवतात?

रविवारी सकाळी साडेसहाला आमचा सराव असतो, मैदान नेरुळ स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. ठाण्याहून थेट गाडी मिळते. संपादकांकडे नंबर कळवा, मी फोन करते. स्टड असलेले बूट नसले तरी चालतील, शिनगार्ड मात्र आणा.