हिवाळा सरला की घर आणि अंगणाची डागडुजी कुठून सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की जुनं, सुटं घर नुकतंच ताब्यात आलंय, थंडी ओसरतेय आणि डागडुजीच्या याद्या वाचून डोकं गरगरायला लागलंय. सुट्टीचे दिवस मोजकेच आहेत. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे, तिला आताच रंग लावून टाकू का, आणि अंगणातली वाढलेली झुडपं छाटून घेऊ का, हेही तुम्ही विचारलंय.

याद्या बाजूला ठेवा आणि पाण्याच्या मागे लागा. छपरावर पडलेलं पाणी कुठून उतरतं, कुठे अडतं आणि शेवटी कुठे जिरतं, एवढं एकदा नीट पाहिलंत की कोणतं काम आधी करायचं हे घरच सांगतं. ओल, बुरशी, कुजलेली चौकट, वाळवी, खचलेली फरशी ही सगळी वेगवेगळी दुखणी वाटतात, पण बहुतेकांचं मूळ पाण्यात सापडतं. एक साधा हिशोब करून बघा. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. तुमचं छप्पर 100 चौरस मीटरचं असेल, तर 25 मिलिमीटरच्या एका पावसात त्यावरून अडीच हजार लिटर पाणी खाली येतं. ते पन्हळीतून नीट वाहून गेलं तर प्रश्न नाही. एखाद्या कोपऱ्यात पानांचा बोळा बसला, तर तेवढं सगळं एकाच जागी भिंतीलगत ओतलं जातं.

म्हणून पहिला दिवस पन्हळीचा. पालापाचोळा हाताने काढा, नुसतं पाणी मारून ढकलू नका. नाहीतर तो उतरत्या पाइपाच्या कोपरात जाऊन घट्ट बसतो आणि मग पाइप सोडवण्याची वेळ येते. साफ झाल्यावर दूरच्या टोकाला नळीने पाणी सोडा आणि पाहत उभे राहा. पाणी कुठे थबकतं, कोणत्या सांध्यातून ठिबकतं, हे तेव्हाच दिसतं. पन्हळीला मीटरमागे साधारण 5 मिलिमीटर उतार पुरतो. मध्येच डबकं साचत असेल तर तिथला आधार सैल झालाय असं समजा. बर्फ पडणाऱ्या भागात तर बर्फाच्या वजनाने हे हमखास होतं. आणि भिंतीवर बाहेरून उभा हिरवट-काळा ओघळ दिसतोय का पाहा. ओघळ जिथून सुरू होतो, बरोबर त्याच्या वर गळती असते.

शिडीबद्दल दोन शब्द, कारण या कामात घरापेक्षा माणूसच जास्त मोडतो. शिडी टेकते ती उंची 4 मीटर असेल, तर तिचे पाय भिंतीपासून 1 मीटर दूर हवेत. छपरावर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर निदान 1 मीटर यायला हवी. या दिवसांत माती भुसभुशीत असते, तेव्हा पायांखाली रुंद फळी घाला. वर विजेच्या तारा असतील तर अ‍ॅल्युमिनियमची शिडी नेऊच नका. छप्पर फार उंच किंवा तीव्र उताराचं असेल तर खाली उभं राहून मोबाइलने झूम करून फोटो काढा. सरकलेलं कौल किंवा उचकटलेला पत्रा त्यात स्पष्ट दिसतो, आणि वर चढायला मग जाणकार माणूस बोलवा.

आता पाणी खाली आलं. उतरत्या पाइपाचं तोंड भिंतीच्या पायाशीच उघडत असेल, तर त्याला जोड देऊन ते दीड-दोन मीटर लांब न्या. खर्च किरकोळ, फायदा सगळ्यात मोठा. मग जोत्याभोवती एक फेरी मारा, शक्यतो पाऊस पडत असताना. जमिनीचा उतार घरापासून बाहेर हवा. पहिल्या 3 मीटरमध्ये 15 सेंटिमीटर हे प्रमाण चांगलं. जुन्या घरांत पायालगतची भरावाची माती वर्षानुवर्षं दबत जाते आणि उतार उलटा होतो. अशा ठिकाणी चिकट माती घालून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट दाबा, वाळू घालू नका, वाळूतून पाणी थेट पायाकडे जातं. भर घालताना भिंतीचा खालचा 15 सेंटिमीटर भाग मात्र मोकळाच ठेवा. फुलांचे वाफे आणि पालापाचोळ्याचं आच्छादन भिंतीला चिकटवण्याची हौस अनेकांना असते, ती मला अजिबात पटत नाही. ओल धरून ठेवायची आणि वर वाळवीला आडोसा द्यायचा!

वाळवीची तपासणी याच फेरीत होते. जोत्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या रेघा दिसल्या, तर त्यातली बोटभर मधूनच मोडा आणि आठवड्याने परत पाहा. ती जागा पुन्हा लिंपलेली दिसली तर वाळवी जागती आहे, माणूस बोलवा. लिंपलेली नसली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, ती वाट बदलते. दिव्याभोवती पंखवाले किडे आले तर एक पकडून नीट पाहा: चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर वाळवी, पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतील तर मुंगी.

आता तुमची ओली भिंत. रंग लावू नका. निदान आत्ता नको. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी असा प्रकार इथे फार होतो: पाणी शिरतं पन्हळीच्या कोपऱ्यातून, आणि माणूस खोलीत बसून पुट्टी भरत असतो. आधी ओल येते कुठून हे ठरवा. भिंत वरून पुसून कोरडी करा, हात-दीड हात लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर ती खोलीतल्याच हवेची वाफ आहे. तिथे खिडकी उघडणं आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं हाच इलाज.

भिंतीवर पांढरी पावडर, म्हणजे लोणा, असेल तर ती कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलीत तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतात आणि भिंत सुकताना परत बाहेर येतात. पाण्याची वाट बंद केल्यावरही भिंतीला सुकायला वेळ द्या. जुना ठोकताळा असा की दर 25 मिलिमीटर जाडीला एक महिना. ऐकायला कंटाळवाणं आहे, पण ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंग फासला की ती ओल मागे कोंडते आणि पोपडे सुटतात, मग रंगाचे पैसे पाण्यात. दुकानदार डबा विकेल, त्याचा तो धंदा आहे.

भेगांचं म्हणाल, तर केसाएवढ्या भेगांनी झोप उडवून घेऊ नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहा. काही महिन्यांत ती खुणेपलीकडे गेली, किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चढत असेल आणि 5 मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

बाकीची कामं तासाभरात उरकतात. विजेच्या बोर्डावरच्या आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळत असेल तर पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा, स्विच खटकन पडायला हवा. धुराच्या अलार्मची बॅटरी बघा, एसीची जाळी धुवा. पाणी गोठतं अशा ठिकाणी राहत असाल तर अंगणातला नळ पूर्ण सोडून तोंडाशी अंगठा दाबून पाहा. अंगठ्याने धार अडली, तर आत कुठेतरी पाइप तडकलेला असू शकतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, त्यापुढे धातूचं काही चालत नाही. कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर, बादल्या आठवड्यातून एकदा उलट्या करा, कारण उबदार हवेत डासाची अंडी ते उडता डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो.

अंगणाची घाई करू नका. मूठभर माती घेऊन दाबा. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर खणायला हरकत नाही. लाडवासारखा तसाच राहिला तर अजून थांबा, कारण ओल्या मातीवर चाललात की ती दबून दगड होते आणि मुळांना हवा मिळत नाही. हिरवळ पहिल्यांदा कापताना पात्याच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका.

झुडपं छाटण्याआधी ती फुलतात कधी हे माहीत हवं. थंडी संपताच फुलणाऱ्या झुडपांनी कळ्या गेल्या हंगामातल्या फांद्यांवर आधीच धरलेल्या असतात. त्यांना आता कात्री लावलीत तर यंदाची फुलं गेली. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावर लगेच करायची. उन्हाळ्यात किंवा त्यानंतर नव्या फुटीवर फुलणारी झुडपं मात्र पालवी फुटायच्या आत छाटून घ्या. तुम्हाला घर नवीन आहे, कोणतं झुडूप कधी फुलतं हे अजून माहीत नसणार. तेव्हा यंदा फक्त वाळलेल्या, मोडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, आणि प्रत्येक झुडूप कोणत्या महिन्यात फुललं ते वहीत टिपून ठेवा. कात्री चालवण्याआधी दाट फांद्या हाताने बाजूला सारून आत पाहा. पक्ष्यांची घरटी याच दिवसांत होतात, आणि आत घरटं असेल तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत तसंच राहू द्या.